कुंपणावरील शेजारी

मराठी भाषेंत सरड्याच्या नांवावर दोन आरोप फार दिवसांपासून लागलेले आहेत. ज्याचें सामर्थ्य थोडें त्याच्याविषयीं बोलतांना आपण म्हणतों, ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’. आणि ज्याच्या शब्दाचा भरंवसा धरवत नाहीं, तो ‘सरड्यासारखा रंग बदलतो’ असें म्हणतों. एक आरोप दुबळेपणाचा, दुसरा कपटाचा. हीं वचनें आपण शाळेंत पाठ करितों, निबंधांत घालतों आणि त्याबद्दल गुणहि मिळवितों. परंतु ज्याच्यावर हे आरोप आहेत त्या प्राण्याची बाजू ऐकून घेण्यास मात्र कोणी थांबत नाहीं. आरोपीचें म्हणणें ऐकल्यावांचून निकाल देऊं नये, हा न्यायाचा साधा नियम आहे. तेव्हां वाचकहो, आज आपण थोडा वेळ कुंपणापाशीं उभे राहूं आणि ह्या मुक्या शेजाऱ्याची साक्ष घेऊं.

आमचें खापा गांव नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यांत, कन्हान नदीच्या कांठीं वसलेलें आहे. हातमागावरील कापडाबद्दल आणि आसपासच्या मँगनीजच्या खाणींबद्दल त्याचें नांव लोकांच्या कानांवर आलेलें असतें. ह्या भागांत संत्र्यांचे बगीचे आहेत, कापसाचीं शेतें आहेत, आणि त्यांच्या भोंवतीं बोरी-बाभळीच्या कांट्यांचीं कुंपणें आहेत. जेथें कुंपण तेथें सरडा, असें येथें समजावें. गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटीपासून पावसाळा संपेपर्यंत आम्ही अशाच एका कुंपणाजवळ सकाळीं घटकाभर बसण्याचा नेम ठेविला होता. पुढील मजकुरांत विद्वानांनीं शोधून ठेविलेल्या गोष्टी आहेत, तशाच त्या कुंपणाजवळ आम्हीं स्वतः पाहिलेल्याहि आहेत.

सरडा हा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गांतील असून पाल आणि घोरपड हे त्याचे दूरचे आप्त होत. शास्त्रज्ञ त्यास ‘कॅलोटिस व्हर्सिकलर’ म्हणतात. ह्यांतील दुसरा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थच ‘रंग पालटणारा’ असा आहे. दोदँ नांवाच्या फ्रेंच पंडितानें तो १८०२ सालीं ह्या प्राण्यास लावला. पूर्ण वाढलेला नर नाकापासून शेंपटीच्या टोंकापर्यंत एक फुटाहून थोडा अधिक भरतो, परंतु त्यांतील दोन तृतीयांश किंवा त्याहूनहि अधिक लांबी एकट्या शेंपटीची असते. मानेपासून पाठीवर कांट्यांची एक रांग गेलेली असते. ती करवतीच्या दांत्यांसारखी दिसते. कानाच्या पडद्यावरील बाजूस कांट्यांचे दोन लहान झुबके असतात. अंगावरील प्रत्येक खवल्याच्या मध्यावर एक बारीक कंगोरा असतो, म्हणून त्याचें अंग पालीसारखें मऊ न दिसतां खरखरीत दिसतें. पायांस पांच-पांच बोटें आणि त्यांस तीक्ष्ण नख्या असतात. त्यांच्या जोरावर तो बाभळीच्या खोडावर सरळ उभा चढून जातो.

आणखी दोन भेद ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. घरांतील पालीस हलणाऱ्या पापण्या नसतात. सरड्यास त्या असतात, आणि झोंपतांना तो माणसासारखे डोळे मिटून घेतो. पालीची शेंपटी धरली तर ती तोडून पळते आणि पुढें तिला नवी शेंपटी फुटते. सरड्याची शेंपटी तशी सहज तुटत नाहीं, आणि तुटलीच तर पुन्हा पूर्वीसारखी उगवत नाहीं. शेंपटीस दोरा बांधून सरड्यास फिरविणाऱ्या मुलांनीं ही गोष्ट विसरूं नये. जें गेलें तें त्याचें जन्माचें गेलें.

मुलांच्या मनांत सरड्याविषयीं जें भय असतें त्याचाहि येथेंच विचार करूं. सरडा दुरून टक लावून पाहतो आणि मान खालींवर करून आपलें रक्त शोषून घेतो, अशी समजूत आम्हीं लहानपणीं ऐकली होती. इंग्रज लोकांनींहि ह्या प्राण्यास ‘रक्त पिणारा’ अशा अर्थाचें नांव दिलें, तें बहुधा नराचा गळा विणीच्या दिवसांत रक्तासारखा लाल होतो ह्यामुळें. वस्तुतः सरड्यास विष नाहीं आणि रक्त हें त्याचें अन्नहि नाहीं. हातांत धरला तर तो जीव वांचविण्यासाठीं चावेल. त्याचे दांत बारीक असून भक्ष्य पकडून ठेवण्यापुरते असतात. तें भक्ष्य म्हणजे मुंग्या, नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे, अळ्या आणि त्यांच्यासारखे इतर जीव. तो फांदीवर मुकाट्यानें बसून राहतो, खालीं कांहीं हललें कीं झडप घालतो, आणि भक्ष्य जबड्यांत दाबून सबंधच गिळतो. आमच्या त्या कुंपणावरील एक सरडा पावसाची पहिली सर येऊन गेल्यावर वारुळांतून उडणाऱ्या वाळवीच्या वाटेवर जाऊन बसला आणि पंगतीस बसलेल्या पाहुण्याच्या संथपणानें एकेक किडा उचलीत राहिला. त्या सकाळीं त्यानें किती खाल्ले तें मोजण्याचा आमचा प्रयत्न साठाच्या पुढें फसला.

आतां मुख्य आरोपाकडे वळूं. सरडा रंग बदलतो हें खरें. परंतु तो कोणास फसविण्यासाठीं बदलतो काय?

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ज्याची जीभ अंगाइतकी लांब बाहेर येते, ज्याचे दोन डोळे दोन दिशांस फिरतात आणि जो शेंपटीनें फांदीस विळखा घालतो, तो प्राणी निराळा. त्यास मराठींत सरडगुहिरा म्हणतात. तो आपल्या देशांत आहे, पण क्वचितच दृष्टीस पडतो. कुंपणावर रोज दिसतो तो आपला साधा सरडा. त्याची जीभ लांब नाहीं, आणि त्याचें रंग पालटणेंहि सरडगुहिऱ्याइतकें विविध नाहीं. तथापि जेवढें आहे तेवढें अर्थपूर्ण आहे.

सरड्याच्या कातडींत काळ्या रंगाचे अतिसूक्ष्म कण असलेल्या पेशी असतात. हे कण पेशीभर पसरले म्हणजे कातडी काळवंडते; ते मध्यभागीं गोळा झाले म्हणजे खालचे फिके रंग दिसूं लागतात. ते केव्हां पसरावे आणि केव्हां गोळा व्हावे हें रक्तांतून येणाऱ्या स्रावांवर अवलंबून असतें, आणि ते स्राव ऊन, उजेड, भय, राग ह्यांप्रमाणें कमी-अधिक होतात. म्हणजे सरडा आपला रंग विचार करून निवडीत नाहीं. लाज वाटली म्हणजे आपले गाल लाल होतात आणि भय वाटलें म्हणजे चेहरा पांढरा पडतो, तसेंच हें आहे. आपला चेहरा आपलें मन उघडें करितो, त्यास आपण कपट म्हणत नाहीं.

ह्या रंगांचें पहिलें काम अंगाची ऊब राखण्याचें आहे. माणसाच्या किंवा पक्ष्याच्या शरीरांत स्वतःची उष्णता निर्माण होते. सरड्यास ती बाहेरून, मुख्यतः उन्हांतून, घ्यावी लागते. आम्हीं मे महिन्यांतील सकाळीं पाहिलें कीं सूर्य वर आला म्हणजे सरडा कुंपणाच्या टोंकावर येऊन अंग पसरट करून बसे, आणि त्या वेळीं त्याचा रंग गडद असे. काळें कापड उन्हांत लवकर तापतें हें आपण जाणतों; त्याच नियमानें गडद रंगाचा सरडा लवकर गरम होतो. अंगांत पुरेशी ऊब आली कीं तो फिका होऊं लागे. दहा वाजेपर्यंत त्याचा रंग वाळलेल्या गवतासारखा होई. नागपूरकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्याहि वर जातो; अशा दुपारीं तो सांवलींत शिरून बसे आणि कधीं तोंड उघडें ठेवून धापा टाकल्यासारखा दिसे. उलट डिसेंबर-जानेवारींतील थंडींत सरडे फारसे दिसतच नाहींत. ते फटींत, पालापाचोळ्याखालीं, झाडांच्या ढोलींत स्वस्थ पडून राहतात. सरड्याच्या डोक्यावर मध्यभागीं एका खवल्याखालीं उजेड जाणणारें एक तिसरें इंद्रिय असतें. त्यानें वस्तु दिसत नाहींत; परंतु उजेड किती आहे ह्याची जाणीव त्यास होते. सूर्याच्या मेहेरबानीवर जगणाऱ्या प्राण्यास हें घड्याळच म्हणावयाचें.

रात्रींचा रंग आणखी निराळा असतो. एकदां रात्रीं विजेरी घेऊन आम्ही कुंपणाजवळ गेलों, तेव्हां दिवसां तपकिरी दिसणारा तोच सरडा एका बारीक फांदीच्या टोंकास, फिका पडून, डोळे मिटून झोंपलेला आढळला. बळकट फांदी सोडून हें टोंक कशासाठीं, असें प्रथम वाटलें. पुढें कळलें कीं ह्यांत शहाणपण आहे. साप किंवा मांजर तेथवर येऊं लागलें म्हणजे बारीक फांदी हलते, आणि झोंपलेल्यास ती जागें करिते.

रंगाचें दुसरें काम बोलण्याचें आहे. सरड्यास कंठ आहे पण भाषा नाहीं. जें बोलावयाचें तें तो रंगानें आणि हालचालीनें बोलतो. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर त्यांच्या विणीचा काल असतो. त्या काळांत नराचें डोकें, खांदे आणि गळा लालभडक होतात, गालांवर काळे डाग उमटतात, आणि तो उंच खुंटावर बसून पुढच्या पायांवर अंग खालींवर करूं लागतो. तालमींतील मल्लानें दंड काढावे तसा हा प्रकार दिसतो. मुलांस ज्या मान हलविण्याचें भय वाटतें तें हेंच. त्यांत माणसास उद्देशून कांहीं नसतें. ‘ही जागा माझी आहे’ असें तो दुसऱ्या नरास बजावीत असतो आणि मादीस आपण येथें असल्याची वर्दी देत असतो.

जूनच्या आरंभीं आमच्या कुंपणावर असा एक सामना झाला. दोन नर एकाच खुंटासाठीं समोरासमोर आले. दोघांचेहि गळे फुगले, दोघांनींहि दंड काढले, मग एकमेकांच्या जबड्यांस जबडे भिडले. थोड्याच वेळांत एक मागें सरला, आणि पाहतां पाहतां त्याच्या अंगावरील लाली उतरून तो धुळीच्या रंगाचा झाला. जिंकलेला मात्र तसाच लाल राहिला. हरलेला फिका पडतो आणि जिंकलेला आपला रंग राखतो, ही गोष्ट माल्कम स्मिथ ह्या शास्त्रज्ञानें हिंदुस्थानांतील सरड्यांवर १९३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतहि नमूद आहे. फिका पडणें म्हणजे पराभव कबूल करणें. तो कबूल झाला कीं जिंकणारा त्याचा पाठलाग पुढें चालवीत नाहीं. आमच्या डोळ्यांदेखत तरी त्यानें तो चालविला नाहीं. हार झाली तर ती तोंडावर दिसूं देणारा आणि शरण आलेल्यास सोडून देणारा हा प्राणी, ह्यास आपण कपटाचें उदाहरण करितों! जो माणूस मनांत एक ठेवून चेहऱ्यावर दुसरें दाखवितो, तो सरड्यासारखा नव्हे. तो सरड्याच्या अगदीं उलट होय.

ह्यापुढील हकीकत सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. परंतु ती सांगितल्यावांचून हा लेख लिहिण्याचें कारण वाचकांस कळणार नाहीं. आम्ही आठ-दहा वर्षांचे असतांना ह्याच गांवीं, पहिला पाऊस पडून गेल्यावर, आम्ही कांहीं सोबती एका बांधावर खेळत होतों. बांधाच्या पायथ्याशीं एक सरडा ओल्या मातींत तोंड खुपसून बसलेला दिसला. एरवीं चाहूल लागतांच पळणारा हा प्राणी त्या दिवशीं पळेना. आम्हांस तो आपला पराक्रमच वाटला. पहिला दगड कोणीं मारला तें आतां आठवत नाहीं. शेवटचा आम्हीं मारला तें मात्र आठवतें. ती मादी होती. तिच्या फाटलेल्या पोटांतून पांढरीं, लांबट, बोराच्या आठळीएवढीं अंडीं बाहेर पडलीं, आणि जेथें ती बसली होती तेथें अर्धवट उकरलेला एक खळगा होता. सोबत्यांपैकीं कोणी हंसलें नाहीं. घरीं जाऊन आम्हीं कोणास कांहीं सांगितलें नाहीं.

ती कां पळाली नाहीं, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं वाचनांतून समजलें. मादी अंडीं घालण्यासाठीं ओलसर, भुसभुशीत जमीन शोधते. पुढच्या पायांनीं ती खळगा उकरते, त्यांत दहा ते वीसपर्यंत अंडीं घालते, मग माती लोटून खळगा बुजविते आणि तोंडानें ती माती दाबून सारखी करिते. वरून पाहणाऱ्यास तेथें कांहीं आहे असें वाटूंहि नये इतकें तें काम सफाईचें असतें. ह्या कामांत ती गुंतलेली असते तेव्हां माणूस अगदीं जवळ आला तरी सहसा काम टाकून जात नाहीं. अंड्यांचें कवच कोंबडीच्या अंड्यासारखें कठीण नसून चामड्यासारखें मऊ असतें. तीं जमिनींतील ओल शोषून घेतात आणि हळूहळू फुगतात. म्हणूनच तिला पावसाची वाट पाहावी लागते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठांतील संशोधकांनीं ह्या सरड्याच्या प्रजननाचा पुष्कळ वर्षें अभ्यास केला आहे. त्यांस असें आढळलें कीं पाऊस लांबला आणि जमीन कोरडी राहिली तर मादी तयार झालेलीं अंडीं पोटांतच राखून ठेवूं शकते, आणि योग्य ओल मिळाल्यावरच तीं घालते. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांचें दुःख जाणणारा आणखी एक जीव बांधावर आहे, हें त्या दिवशीं आम्हांस ठाऊक असतें तर!

गेल्या पावसाळ्यांत मात्र आम्हांस एक मादी तें काम पुरें करीत असलेली पाहावयास मिळाली. जागा कुंपणाच्या आंत, संत्र्याच्या झाडाच्या आळ्याजवळ होती. ती निघून गेल्यावर आम्हीं तेथें कोणाचा पाय पडूं नये म्हणून चार काटक्या रोंवल्या आणि दिवस मोजूं लागलों. पिलें बाहेर येण्यास सहा-सात आठवडे लागतात असें वाचलें होतें. सातव्या आठवड्यांत एका सकाळीं मातींत बोट जाईल एवढें भोंक पडलेलें दिसलें, आणि शेजारच्या गवताच्या काडीवर करंगळीहून लहान असा एक सरडा, पाठीवर गडद पट्टे असलेला, आमच्याकडे पाहत बसला होता. त्यास कोणीं शिकविलें नव्हतें, कोणीं भरविलें नव्हतें. आई तर अंडीं घालून त्याच दिवशीं निघून गेली होती. जन्मल्या दिवसापासून आपलें पोट आपण भरावयाचें, हा त्याच्या कुळाचा नियम. आम्ही पाहत असतांनाच त्यानें एक मुंगी उचलली.

आतां राहिली ती कुंपणाची गोष्ट. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते हें म्हणीचें निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून काढलेला अर्थ मात्र अपुरा आहे. कुंपण म्हणजे त्याची हद्द. तेथें त्यास ऊन मिळतें, सांवली मिळते, कांट्यांचा आसरा मिळतो, टेहळणीस उंच जागा मिळते, आणि दोन्ही बाजूंच्या शेतांतील किडे त्याच्या दाराशीं येतात. शिक्रा वरून झेप घेतो, खाटीक आणि भारद्वाज पक्षी टपलेले असतात, धामण आणि मुंगूस खालून येतात. मोकळ्या मैदानांत धांवून ह्या सर्वांच्या तोंडीं जाण्यापेक्षां कुंपण गांठणें हा त्याचा अनुभवाचा शहाणपणा होय. आपला आसरा कोठें आहे हें ओळखून तेथवरच धांवणारा दुबळा नव्हे.

शिवाय ह्या प्राण्याचें कुंपण किती मोठें आहे तेंहि पाहावें. अफगाणिस्थानापासून चीनच्या दक्षिण भागापर्यंत आणि सुमात्रा बेटापर्यंत हा सरडा पसरलेला आहे, असें पुष्कळ दिवस मानलें जाई. २०२१ सालीं भारतीय संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं आपण ज्यास एकच जात समजत होतों त्या वस्तुतः एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत. म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ रोज डोळ्यांसमोर असलेल्या प्राण्याचीहि ओळख पुरी झालेली नव्हती! माणसाच्या जहाजांतून हे सरडे समुद्रापलीकडेहि गेले. एकोणिसाव्या शतकांत ज्या मॉरिशस बेटांतील उसाच्या मळ्यांवर आपले मराठी बांधव गेले, तेथील बागांतहि हा सरडा आज आढळतो. सिंगापुरांत तो विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत पोंचला, आणि तेथील मूळच्या हिरव्या सरड्यास बागांतून मागें हटावें लागलें, असें तेथील निसर्गनिरीक्षक सांगतात. आपल्या कुंपणांत जो उपकारक, तोच परक्याच्या अंगणांत उपद्रवी ठरूं शकतो. ह्यांत दोष सरड्याचा नव्हे, त्यास उचलून नेणाऱ्याचा.

मराठी वाचकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट ह्या ओघांत सांगण्यासारखी आहे. सरड्यांच्या कुळांतच गळ्याशीं पंख्यासारखा पडदा असलेले लहान सरडे आहेत. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर त्यांतील एक जात राहते. विणीच्या दिवसांत तिचा नर निळा, काळा आणि नारिंगी असा तीन रंगांचा पडदा उघडून मिरवितो. २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं ह्या जातीसाठीं आणि तिच्या भावंडांसाठीं एक नवें कुळनाम ठरविलें, आणि तें नाम आपला मराठी ‘सरडा’ हाच शब्द घेऊन बनविलें. ज्या शब्दानें आपण एकमेकांस हिणवितों, तो आतां जगांतील प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत मानानें बसला आहे.

सरड्याचा माणसास उपयोग काय, असा प्रश्न पालक विचारतील. बगीचांतील आणि शेतांतील पुष्कळ किडे तो खातो हें वर आलेंच आहे. तो केवळ उपद्रवी किडे निवडून खातो असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. मधमाशी सांपडली तर तीहि खाईल, आणि लहान पालीहि खाईल. त्यास हिशेब कळत नाहीं, भूक कळते. परंतु कीटकांची संख्या आटोक्यांत ठेवणारे जे अनेक जीव शेताच्या बांधावर विनावेतन राबत असतात, त्यांतील तो एक आहे. पिकांवर विषारी औषधें बेसुमार फंवारलीं म्हणजे किडे तर मरतातच, पण त्या किड्यांवर जगणाऱ्यांचें अन्न जातें आणि कांहींच्या पोटांत तें विषहि जातें. कांट्यांचें कुंपण काढून तारेचें घातलें म्हणजे त्याचें घर जातें. सगळीं कुंपणें तशींच राहावीं असा आग्रह कोणी धरणार नाहीं. पण एखाद्या बाजूस चार झुडपें, थोडा पालापाचोळा आणि हातभर न उकरलेली जमीन राहूं दिली तर आपलें कांहीं फारसें जात नाहीं.

विद्यार्थिमित्रांस मात्र आमची निराळी विनंती आहे. वही आणि पेन्सील घेऊन एक महिनाभर एकाच सरड्याकडे रोज पाहा. सकाळीं, दुपारीं, सायंकाळीं त्याचा रंग कोणता होता, ऊन होतें कीं ढग होते, जवळ दुसरा सरडा होता कीं नव्हता, तें लिहून ठेवा. ह्यास पैसा लागत नाहीं, प्रयोगशाळा लागत नाहीं, फक्त धीर लागतो. महिन्याच्या अखेरीस त्या वहींत जें ज्ञान असेल तें तुमचें स्वतःचें असेल.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधांत नृग राजाची कथा आहे. दान दिलेली एक गाय चुकून पुन्हा दुसऱ्यास दिली गेली, त्या दोषामुळें तो राजा सरडा होऊन एका कोरड्या विहिरींत पडून राहिला. यादवांचीं मुलें खेळतां खेळतां तहान लागून पाणी शोधीत तेथें आलीं आणि त्यांस तो प्रचंड सरडा दिसला. तो राजा आहे हें त्यांस कोठून ठाऊक असणार? त्यांस दिसला तो केवळ अडकलेला एक सरडा. त्यांनीं दगड उचलले नाहींत; त्यांनीं दोर आणले आणि त्यास वर काढण्याची खटपट केली. ती साधेना, तेव्हां त्यांनीं जाऊन श्रीकृष्णास सांगितलें, आणि राजाचा उद्धार झाला. ही कथा आम्हीं लहानपणीं ऐकली होती, परंतु तिच्यांतील राजाच तेवढा लक्षांत राहिला होता. त्या बांधावरील दिवसानंतर आम्हांस तीं मुलें अधिक आठवतात.

ह्या वर्षीं पहिला पाऊस पडून गेल्यावर बांधाच्या पायथ्याशीं, ओल्या मातींत तोंड खुपसून बसलेला एखादा सरडा तुम्हांस दिसेल. तो पळणार नाहीं. तेव्हां थोडे दूर उभे राहा, आणि तिचें काम तिला पुरें करूं द्या.